तळटीप : आतड्याचा पीळ
* गर्भात आतडी काही आठवडे नाळेत वाढतात, दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततात आणि एकूण २७० अंश फिरून जागेवर बसतात. हे फिरणे अर्धवट राहिले, तर लहान आतड्याचा देठ अरुंद राहतो. त्याला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे काळे पडते. बहुधा हे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात घडते. क्वचित मोठ्या माणसांतही. सुरुवातीला बाळाचे पोट मऊच लागते, त्यावर विसंबू नये. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर घुटी देत न बसता तडक बालशल्यचिकित्सक गाठावा. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडलेली, पीळ सोडवून आतड्यावरचे पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया आजही बाळांचे प्राण वाचवते. — संपादक