चोकची तार कुठे जोडायची?

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून कार्बुरेटरमधील चोकची झडप हवा अडवते. पूर्वी ती हाताने लावत. पुढे हे काम तापताच वाकणाऱ्या द्विधातू पट्टीकडे आले. अशी पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने सागरी घड्याळात वापरली होती.

चोक लागलेला असेपर्यंत धुरात कार्बन मोनॉक्साइड फार असतो. म्हणून अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर पट्टी विजेने लवकर तापवू लागले. पण किल्ली फिरवताच वीज मिळाली, तर इंजिन थंड आणि बंद असतानाच चोक उघडतो. फोर्डच्या अनेक मोटारींत ती तार अल्टरनेटरला जोडली: इंजिन फिरेल तेव्हाच वीज! पट्टीला फक्त स्वतःचे तापमान कळते. इंजिन सुरू झाल्याची खबर तिला तारच देते.