तळटीप १४
१४. चायना हँड्स : चीनमध्ये दीर्घकाळ काम केलेले, चिनी भाषा जाणणारे अमेरिकी परराष्ट्र खात्यातील अधिकारी. जॉन सर्व्हिस आणि जॉन पेटन डेव्हिस यांचा तर जन्मच तिथला, मिशनरी कुटुंबांतला. च्यांग कै-शेक यांची राजवट आतून पोखरली आहे, कम्युनिस्ट वरचढ ठरतील, असे या दोघांनी १९४४ मध्येच कळवले होते. १९४९ मध्ये तसेच घडले, तेव्हा सिनेटर मॅकार्थी आणि त्यांच्या साथीदारांनी त्या अचूक अहवालांनाच फितुरीचा पुरावा मानले. हा उघड अन्याय होता. सर्व्हिस १९५१ मध्ये, डेव्हिस १९५४ मध्ये बडतर्फ झाले. देशद्रोह कुणावरही सिद्ध झाला नाही. व्हिएतनामचे निर्णय घेताना असे जाणकार हाताशी नव्हते, हे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.