नदीकांठची बखर

इतिहास म्हटला म्हणजे बखरी, सनदा आणि किल्ले हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. चाकणचें नांव निघतांच १६६० सालचा वेढा व फिरंगोजी नरसाळा ह्यांची झुंज आठवते. परंतु चाकणच्या उत्तरेची भामा, दक्षिणेची इंद्रायणी आणि चिंचवडच्या कांठची पवना ह्या भीमेच्या खोऱ्यांतील नद्या आहेत. आणि ह्या खोऱ्यानें त्या वेढ्याहून फार जुना वृत्तांत आपल्या गाळांत जपून ठेविला आहे.

तो वाचावयाचा कसा? पाऊस जास्त तितका गाळ जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. पण गोष्ट इतकी सरळ नाहीं. डोंगरउतार किती माती देतात आणि नदीचें पाणी ती किती वाहून नेऊं शकतें, ह्या दोहोंचा हा हिशेब आहे. पाऊस वर्षानुवर्षें उणावला, कीं गवत व झाडोरा विरळ होतो, माती मोकळी पडते आणि एखादी जोराची सर ती पात्रांत लोटते. पुढें नेण्यास मात्र पाण्याला बळ नसतें; थरावर थर बसून पात्र उंचावतें. उलट पाऊस भरपूर व नेमस्त असला, म्हणजे उतार हिरवळीनें झांकले जातात आणि जोमदार नदी आपलाच जुना गाळ कापीत खोल जाते.

पुण्याचे संशोधक विश्वास काळे व शरद राजगुरू ह्यांनीं १९८७ सालीं दख्खनच्या वायव्य भागांतील नद्यांचा असाच इतिहास मांडला. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस, पावसाळा दुबळा असतां, पात्रें गाळानें भरलीं. सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं पाऊस बळावल्यावर नद्यांनीं तोच गाळ कापला.

ह्या चढउताराची झळ माणसांस कशी लागते, हें भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें दिसतें. डेक्कन कॉलेजनें १९६८ सालीं तेथें उत्खनन आरंभिलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. पुराचें पाणी वळविण्यास त्यांनीं पाटही खोदला होता. इ. स. पूर्व १००० नंतर चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, शेती खालावली, आणि सुमारें ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें. म. के. ढवळीकर ह्यांनीं ह्याचें कारण घटत्या पावसांत शोधिलें. सर्वच विद्वानांस हें मान्य नाहीं; तरी पाट खोदणाऱ्या लोकांसही गांव सोडावें लागलें, हें खरेंच.

आज पाऊस निराळ्या रीतीनें बदलत आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेंतील रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१७ सालीं दाखविलें, कीं १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारतांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. घोडेच्याच खोऱ्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीणवर डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. सुटलेली माती आतां पूर्वीसारखी वाहत जात नाहीं. पवना, भामा-आसखेड, चासकमान आणि १९८० सालीं पुरें झालेलें उजनी हीं धरणें तिला अडवितात. जेथें गाळ सांचतो, तेथें पाण्याची जागा कमी होते. आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने व घरें त्याच पाण्यावर अवलंबून आहेत.

म्हणून नदीकांठच्या दरडी भराव घालून बुजविण्यापूर्वीं त्या वाचून घेणें हें केवळ पंडितांचें कुतूहल नव्हे. ह्या खोऱ्यांत पाऊस पालटल्यावर काय घडतें, ह्याची इतकी दीर्घ नोंद आपणांपाशीं दुसरी नाहीं.