मेजर म्हणजे फौजेतला साहेब नव्हे

आम्ही काळेवाडीच्या बचत गटातल्या बाया.

मागच्या जूनमध्ये गटातल्या एकीच्या लेकीने कॉलेजचा फॉर्म आमच्यापुढे धरला. त्यात ‘मेजर’, ‘मायनर’ लिहिलेलं. मेजर म्हणजे आम्हाला फौजेतला साहेबच माहीत! पोरीने समजावलं: पदवी ज्यात मिळते तो मेजर, म्हणजे मुख्य विषय. मायनर म्हणजे जोडीचा. शिवाय भाषा, पर्यावरण, एखादं कौशल्य, आणि काही विषय दुसऱ्याच शाखेतले. ती कॉमर्सवाली. म्हणाली, “मला अकाउंट्स शिकायचंय, बाकीचं कशाला?”

हा प्रश्न आपल्या पुण्यात शंभर वर्षांपूर्वीही होता. सगळ्या मुलींनी काय शिकावं, आणि ते कोणी ठरवावं?

धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक आलं होतं. 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी तसंच विद्यापीठ इथे काढायची कल्पना मांडली, आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. इतरत्र कॉलेज इंग्रजीतून चालायचं. इथे मुली मातृभाषेतून शिकायच्या, इंग्रजी हा एक विषय. पदवीचं नाव ‘गृहीतागमा’. पण घरकामाचं शास्त्र आणि आरोग्य हेही अभ्यासात आलं, कारण बाईला संसार करायचा. त्यावर तेव्हाच्या सुधारकांतही मतभेद झाले.

आमच्या गटातही झाले. एक म्हणाली, भाकरी आईकडे शिकतोच की, त्याला विद्यापीठ कशाला? दुसरी म्हणाली, बाळंतपणात बाया दगावत होत्या, तेव्हा आरोग्य शिकणं लहान गोष्ट नव्हती. आम्हाला दोन्ही पटतं. मराठीतून शिकवलं हे फार मोठं काम. पण बाईचा अभ्यास तिच्या संसारावरून ठरावा, हे खटकतं. कर्वे स्वतः फर्ग्युसनात गणित शिकवायचे, बरं का!

1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये देऊ केले. त्यांच्या आईच्या नावाने ते आजचं एसएनडीटी. कायद्याने मान्यता मिळायला मात्र 1951 उजाडलं.

आता हिशोब क्रेडिटचा. वर्गातले 15 तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 लागतात. एक वर्ष करून थांबावं लागलं, तर कौशल्याचे चार क्रेडिट जास्तीचे करून प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची.

आमच्यातल्या तिघींचं शिक्षण लग्नात तुटलं. एकीची पहिल्या वर्षाची मार्कशीट अजून ट्रंकेत आहे. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग लेकीला म्हणाली, “किती वर्षांत परत यायचं, ते पुन्हा एकदा सांग. लिहून ठेवते.”

पोरीने दुसऱ्या शाखेतला विषय म्हणून इतिहास घेतला.