धोट्याचा दोरा आणि आपली माणसं

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, ही समस्त उपासक-उपासिकांना आनंदाची गोष्ट आहे. धम्मावर लिहिणारे विद्वान आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही गिरणीतली माणसं, तेव्हा आम्ही गिरणीबद्दलच लिहावे हे बरे. या विहारात वंदनेला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबातलं कुणी ना कुणी गिरणीत, गोदीत, रेल्वेत नाहीतर म्युनिसिपालटीत राबलेलं आहे. पण आजोबा कोणत्या खात्यात होते आणि त्याच खात्यात का होते, हे घरातल्या मुलांना विचारा. सांगता येणार नाही. राजेरजवाड्यांच्या लढायांच्या सनावळ्या मुलांना तोंडपाठ असतात. आपल्या घरची भाकरी कशी मिळाली, हाही इतिहासच आहे.

गिरण्या आल्या आणि आपण आलो

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली. १८५६ साली तिच्यातून माल निघू लागला. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड असा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांत माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. कोकणात खोताचा जाच, घाटावर दुष्काळ आणि सावकार. आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजाला तर गावात वतनाच्या नावाने बारा महिने तेरा काळ राबणूक होती. त्यात १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने लष्करात महारांची भरती बंद केली. पलटणीत जाऊन सन्मानाने पोट भरण्याचा रस्ताही बंद झाला. तेव्हा आपली माणसं मुंबईला आली. शहरात जात कुणी विचारत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती खरी ठरली नाही.

त्या काळी गिरणीत कामाचे तास ठरलेले नव्हते. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. पुढे विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळण्याचीही गरज उरली नाही! आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही गिरणी कामगारांची संघटना काढली. सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी विहारात जमतो, मुलांचे संस्कारवर्ग घेतो. तो रविवार कुणा मालकाने दया येऊन दिलेला नाही, एवढं लक्षात ठेवावं.

नोकरी जॉबरच्या हातात असे. माणूस ठेवणं, काढणं, रजा देणं सगळं त्याच्याकडे, आणि त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरायचा. मालकालाही ते सोयीचंच होतं. माणसं शोधण्याचा खर्च नाही आणि शिव्या जॉबरला! हजारो कामगार बदली म्हणून रोज सकाळी दारात उभे राहायचे. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर परत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हातात पडे. मग किराणा उधार आणि पठाणाचं व्याज. रुपयाला महिन्याला एक आणा हा सर्रास दर होता. हिशेब करून बघा, शंभराला वर्षाचे पंचाहत्तर होतात. मालकाने आपला पगार थांबवून ठेवायचा आणि त्याचं व्याज आपण भरायचं, असा हा व्यवहार होता.

साचा खात्याचं दार

आता मुख्य गोष्ट. गिरणीत सूत कातण्याचं खातं वेगळं आणि कापड विणण्याचं वेगळं. विणण्याच्या खात्याला आपण साचा खातं म्हणतो. तिथे कापडावर पैसे मिळत, आणि ते कताईच्या त्रासन खात्यापेक्षा पुष्कळ जास्त असत. पण साचा खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. का? तर धोटा.

तरुण मुलांनी धोटा पाहिलेला नसेल म्हणून सांगतो. होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यात सुताची कांडी बसवलेली. तो साच्यावर उभ्या सुतांमधून इकडून तिकडे धावतो आणि आडवं सूत घालतो. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. हा दोरा तोंड लावून ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला आज याचं तोंड, उद्या त्याचं. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं स्पृश्य कामगारांचं म्हणणं. झालं! गिरणीतलं चांगल्या पगाराचं खातं आपल्याला बंद. कताईत रिंगवर दिवसभर दोरे सांधायचे, झाडलोट करायची, एवढंच आपल्या वाट्याला. पाण्याचं भांडं आणि जेवायची जागासुद्धा वेगळी.

कुणी म्हणेल, मशीनच तशी होती, त्याला मालक काय करणार? हे खरं नाही. हाच धोटा इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत होता. तिकडचे लोक या प्रकाराला धोट्याचं चुंबन म्हणत. तिथे प्रश्न निघाला तो आरोग्याचा. तेल, सुताचा कचरा तोंडात जातो, दात खराब होतात, एकाच्या तोंडून दुसऱ्याला क्षयासारखा रोग लागतो, अशी ओरड झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स या राज्याने तर १९११ साली कायदा करून तोंडाने दोरा ओढायचे धोटे बंद केले. हाताने दोरा भरता येईल असे धोटे निघालेले होते, आपोआप दोरा भरून घेणारा साचाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाला होता. म्हणजे उपाय होता. फक्त त्याला खर्च होता.

आमच्या समजुतीप्रमाणे इथेच सगळी मेख आहे. मुंबईच्या मालकाला नवे धोटे घेण्याची गरज वाटली नाही, कारण शिवाशिवीमुळे त्याचं नुकसान होत नव्हतं, उलट कताई खात्याला कमी पगारात माणसं मिळत होती. आणि साचेवाल्या बांधवांनी तोच उष्टा धोटा एकमेकांत चालवून घेतला, स्वतःच्या फुप्फुसांची पर्वा केली नाही, पण आपल्या भावाला आत येऊ दिलं नाही. जातीने त्यांचंही नुकसानच केलं.

बाबासाहेबांचा सवाल

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनचा जोर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. गिरणगाव त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ते त्यात राहत होते. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक सांगितलं, की अस्पृश्यांना साचा खात्यात काम मिळालं पाहिजे ही मागणीही तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्याबरोबर का यावं? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालक हसले. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असं त्यांचं उत्तर होतं. कामगार मालकाकडे बोट दाखवतो, मालक कामगाराकडे, आणि आपला माणूस दोघांच्या मध्ये उभा!

याच १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी सुट्टी देण्याचं बिल आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमावर मालक नफा मिळवतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाचा काही भार त्याने उचलला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. १९२९ साली तो कायदा झाला. त्या वेळी गिरणीत सुमारे पाचवा हिस्सा बाया होत्या, वाइंडिंग-रिळिंगमध्ये. पुढे नवी मशिनं आली, रात्रपाळीला बायांना मनाई होती, बाळंतपणाचा खर्च नको म्हणूनही मालकांनी बाया घेणं कमी केलं. कायदा केला म्हणजे काम संपत नाही. त्यातून पळवाट कुणी काढतो का, इकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेतही धोट्याचीच गोष्ट होती. आपला माणूस गँगमन व्हायचा, स्टेशनवरचा पोर्टर होऊ शकत नव्हता. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागत, आणि घरात आपली सावली कशी चालणार?

त्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. त्यात संपावर बंधनं होती, बेकायदा संपाला शिक्षा होती. बाबासाहेबांनी विधिमंडळात विरोध केला. माणसाने नको असलेलं काम नाकारणं हा त्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, तो गुन्हा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. दहा वर्षांपूर्वी ज्या कम्युनिस्टांशी भांडण झालं त्यांच्याच खांद्याला खांदा लावून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. बिल पास झालंच. पण निळा आणि लाल झेंडा एकत्र आल्यावर गिरणगाव कसं थांबतं हे सरकारने पाहिलं.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९३४ च्या कायद्याने आठवड्याचे ५४ तास होते, ते १९४६ मध्ये ४८ झाले. आठ तासांची पाळी म्हणतात ती ही. पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. साचा खात्याचं दार कायद्याने उघडलं. माणसांची मनं मात्र कायद्याच्या तारखेला उघडत नाहीत, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचं कधी जाहीर झालं नाही, तो विरून गेला. लाखाहून जास्त कामगारांची नोकरी गेली. आम्ही स्वतः गिरणीत लागलो तेव्हा संप होऊन गेला होता. पण त्याच्या जखमा प्रत्येक चाळीत होत्या. कुणाच्या बायकोने धुणीभांडी धरली, कुणाच्या मुलाची शाळा सुटली, कुणी खोली विकून गावी गेला.

सगळा दोष संपाला देण्याची पद्धत आहे. पण संपाच्या आधीपासून काय चाललं होतं? पुष्कळ मालकांनी कापडावर मिळवलेला नफा नव्या मशिनींत न घालता दुसऱ्या धंद्यांत घातला. कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून करून घेतलं, जिथे बारा-बारा तासांची पाळी आणि ना युनियन. मग गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीची तीन हिश्शांत वाटणी होती. एक महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर किती जण गेले!

आज लोअर परळला काचेचे टॉवर आहेत. तिथेही आपली मुलं कामाला जातात. काही शिकून संगणकासमोर बसली आहेत, बाबासाहेबांची पुण्याई. पण त्याच टॉवरमध्ये झाडू कोणाच्या हातात आहे, ते पाहा. कंत्राटदाराचा माणूस, बारा तास उभा, पगाराची पावती नाही. जॉबर गेला, कंत्राटदार आला. संसदेने २०२० साली मंजूर केलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात कोणत्याही कारखान्यात संप करायचा तर आधी नोटीस देण्याचं बंधन आहे, आणि ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. १९३८ च्या बिलाची आठवण व्हावी अशीच ही कलमं आहेत.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड असेल ते वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षं झाली. कामाचे तास, वेतन, आजारपण, सुट्टी यांसाठीच आपल्या माणसांनी गिरणगावात लढे दिले. तेव्हा हक्काचं मागणं हे धम्माच्या बाहेरचं काम आहे असं कुणी समजू नये. सम्यक आजीविका ही दोन्हीकडून असते.

आमची विनंती एवढीच आहे. घरात ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर त्यांना विचारा, कोणती गिरणी, कोणतं खातं, जॉबर कोण, पगार किती. जुने पास, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाची कागदं रद्दीत घालू नका. विहारात एक वही ठेवू, त्यात प्रत्येक घराने आपली हकीकत लिहावी. आणि जी मुलं कंत्राटावर आहेत त्यांनी आपला फंड आणि ई.एस.आय. कंत्राटदार भरतो की नाही, हे या महिन्यातच तपासून घ्यावं. कागद घेऊन विहारात या, समजत नसेल तर आपण मिळून वाचू.

नमो बुद्धाय! जय भीम!