आंजिकोसची रात्रशाळा

‘विश्वनागरिकत्व’ हा शब्द अलीकडे शाळांच्या माहितीपुस्तकांतून वारंवार भेटतो. परकीय भाषा, संगणक, दूरदेशीच्या सहली असा त्याचा अर्थ आपण लावतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण आखाती देशांत आणि कॅनडात नोकरीस आहेत. तेव्हा हा शब्द आपल्या घरचाच वाटावा यात नवल नाही. परंतु जगाच्या विकासासाठी शिक्षण या कल्पनेचे मूळ शोधू लागलो, की इतिहास आपल्याला ब्राझीलमधील एका दुष्काळी गावात नेऊन सोडतो.

त्या गावाचे नाव आंजिकोस. ते रिओ ग्रांदे दो नोर्ते या राज्यात आहे. राज्याची राजधानी नाताल. आपला ‘नाताळ’ ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, तोच हा शब्द. नाताल धर्मप्रांताने १९५८ साली शेतकऱ्यांसाठी रेडिओशाळा सुरू केल्या, आणि १९६१ मध्ये ब्राझीलच्या बिशपांनी ते कार्य देशभर नेले. अशा नांगरलेल्या भूमीत १९६३ च्या जानेवारीत रेसीफेचे अध्यापक पाउलो फ्रेरे (१९२१–१९९७) यांनी आपला प्रयोग पेरला. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी एकत्र जमत. ४० तासांच्या अभ्यासाअंती सुमारे ३०० प्रौढ लिहू-वाचू लागले.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. फ्रेरे तयार अंकलिपी वाटत नसत. आधी ते लोकांच्या बोलण्यातील शब्द टिपून घेत. ‘तिजोलो’ म्हणजे वीट, हा त्यांपैकी एक शब्द. प्रथम विटेचे, बांधकामाचे चित्र दाखवून चर्चा होई. विटा रचणारा कोण, आणि त्या घरात राहणारा कोण? मग शब्द फोडला जाई: ति-जो-लो. त्यापुढे आपल्या बाराखडीसारखी प्रत्येक अक्षराची ओळ मांडली जाई, आणि शिकणारे त्या अक्षरांतून स्वतःचे शब्द जुळवीत. वाचता येण्यापूर्वीच माणूस आपल्या स्थितीविषयी बोलू लागे.

यातच धोका होता. ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. तो १९८५ साली मिळाला. म्हणजे अक्षर शिकलेला प्रत्येक मजूर हा एक नवा मतदार होता. २ एप्रिल १९६३ रोजी आंजिकोसच्या समारोपास राष्ट्राध्यक्ष गुलार्त स्वतः उपस्थित राहिले. पुढे देशभर असे २०,००० वर्ग काढण्याची योजना आखली गेली. परंतु वर्षभरातच, १९६४ च्या एप्रिलमध्ये, लष्कराने सत्ता बळकावली. योजना रद्द झाली. फ्रेरे यांना सुमारे ७० दिवस तुरुंगात काढावे लागले आणि मग देश सोडावा लागला.

हा देशत्यागच त्यांना जगाचा शिक्षक करून गेला. चिलीत त्यांनी शेतकऱ्यांमध्ये काम केले; ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ हा ग्रंथ तेथेच १९६८ साली पूर्ण केला. १९७० पासून जिनेव्हा येथील वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये ते शिक्षणाचे सल्लागार होते. त्या काळी ख्रिस्तसभेतही हेच वारे वाहत होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रात राष्ट्रांच्या विकासाचा प्रश्न मांडताना मूलभूत शिक्षणाला अग्रस्थान दिले; १९६८ साली मेदेयीन येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी मुक्तिदायी शिक्षणाचा पुरस्कार केला. १९७४ साली युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्य, शांती आणि मानवी हक्क यांच्या शिक्षणाविषयी शिफारस संमत केली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या उद्दिष्टांत तर जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

या वाटचालीत अपयशही आहे, आणि ते आम्हांला यशाइतकेच बोलके वाटते. आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ स्वतंत्र झाल्यावर तेथील साक्षरता मोहिमेस फ्रेरे यांनी साहाय्य केले. शिकवण्याची भाषा होती पोर्तुगीज. ग्रामीण लोकांच्या बोली मात्र वेगळ्या. मोहीम फसली. आंजिकोसमध्ये शब्द लोकांच्या तोंडचा होता, इथे तो वरून आला होता. शिकवण्याची रीत कितीही चांगली असो, शिकणाऱ्याची भाषा तिला मिळाली नाही, तर ती मुकीच राहते.

आज आपल्या गावांत नवनवी घरे उठत आहेत. विटा वाहणारी माणसे परमुलखातून येतात. त्यांची मुले वाळूच्या ढिगाशेजारी खेळताना आपण रोज पाहतो. आपली मुले नकाशावर ब्राझील अचूक दाखवतील, याविषयी आम्हांला शंका नाही. कुंपणापलीकडच्या त्या मुलाचे नाव, त्याची भाषा आणि त्याची शाळा कोणती, हे त्यांना सांगता येईल काय? आंजिकोसच्या रात्रशाळेत पहिला धडा विटेचा असता, तर तो याच प्रश्नापासून सुरू झाला असता.