उंटाचं पिल्लू कसं वाढतं? जन्मताना मदार रिकामी, पहिल्या दुधावर सगळी भिस्त

विदर्भातल्या रानात कच्छच्या रबारी मेंढपाळांचे कळप दरवर्षी दिसतात. खाट, भांडी, सगळा संसार उंटावर लादलेला. कधी आईच्या मागे लांब पायांचं पिल्लूही चालताना दिसतं. त्याच्या पाठीवर मदार का नाही, असं बघणारे हमखास विचारतात.

मदार असते, पण रिकामी. जन्मताना तिथं नुसती कातडीची घडी असते. मदारीत पाणी नसतं, चरबी असते, आणि पिल्लू खाऊ-पिऊ लागलं की ती हळूहळू भरते.

उंटीण साधारण १३ महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. पुढचं वेत यायला बहुतेक दोन वर्षं जातात. म्हणून एक पिल्लू दगावलं की पाळणाऱ्याची दोन वर्षं वाया गेली म्हणायची. शिवाय पिल्लू सडाला लावल्याशिवाय उंटीण सहसा पान्हा सोडत नाही, त्यामुळे दूधही जातं.

जन्मताना पिल्लाचं वजन साधारण ३५ ते ४० किलो भरतं. अंगावर पातळ पापुद्रा असतो. गाय वासराला चाटते तशी उंटीण चाटत नाही. पापुद्रा आपोआप वाळून पडतो, नाहीतर पाळणारे हातानं काढतात. काही तासांत पिल्लू उभं राहतं. पाय मात्र अंगाच्या मानानं फारच लांब, त्यामुळे पहिल्यांदा सड सापडेपर्यंत त्याची धडपड बघवत नाही.

हीच वेळ महत्त्वाची. रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटात असताना पिल्लाला फारशी मिळत नाही, ती चिकातून मिळते. पहिल्याच दिवशी, जितक्या लवकर तितकं बरं, चीक पोटात गेला पाहिजे. चीक जड म्हणून तो पिल्लाला न देता फेकून देणं ही मोठी चूक. आपल्याकडं गाई-म्हशींच्या बाबतीतही काही जण हेच करतात.

पहिले सहा महिने वाढ झपाट्यानं होते, पण दूध पोटभर मिळालं तरच. उंटिणीला चार सड. राजस्थानात बरेच पाळणारे दोन सड पिल्लाला सोडतात आणि दोन स्वतः काढतात. आता उंटिणीच्या दुधाला गिऱ्हाईक मिळतंय, त्यामुळे चारही सड काढायचा मोह होतो. अशी पिल्लं खुरटतात, जुलाबानं आणि जंतानं लवकर जातात.

दोन-तीन महिन्यांचं झालं की पिल्लू पाल्याला तोंड लावतं. दूध मात्र वर्षभर, काही ठिकाणी त्याहून जास्त चालतं. बसून-उठून छातीखाली आणि गुडघ्यांवर जाड घट्टे तयार होतात.

पुढची वाढ सावकाश. आपला गोऱ्हा दोन-अडीच वर्षांत दोनदाती होतो. उंटाचे पुढचे दुधाचे दात पडायला पाचवं वर्ष उजाडतं. वेसण साधारण तिसऱ्या वर्षी, हलकं ओझं चौथ्यापासून. पुरतं ओझं सहा-सात वर्षांचा झाल्यावरच लादतात.